छापखान्यातून महापौरपदाकडे

कॅनडातील ऑन्टॅरिओ सरोवराच्या उत्तर किनाऱ्यावरील यॉर्क या गावाला ६ मार्च १८३४ रोजी शहराचा दर्जा मिळाला आणि त्याचे नाव टोरंटो असे झाले. लोकवस्ती जेमतेम नऊ हजार, रस्ते चिखलाचे, सांडपाण्याची धड व्यवस्था नाही आणि तिजोरीत पैशांऐवजी कर्जाचे कागद, अशी या नव्या शहराची अवस्था होती. त्याच महिन्याच्या अखेरीस पहिली नगरपालिका निवडून आली. ३ एप्रिल रोजी सभासदांनी १० विरुद्ध ८ मतांनी ज्या गृहस्थांना पहिले महापौर म्हणून निवडले, ते त्या वेळी एका साप्ताहिकाचे मालक, संपादक, मुद्रक आणि बहुतांश मजकुराचे लेखकही होते. त्यांचे नाव विल्यम लायन मॅकेन्झी.

त्याआधीची दहा वर्षे मॅकेन्झी यांनी सत्ताधाऱ्यांकडे सार्वजनिक पैशाचा हिशेब मागण्यात घालवली होती. आता तोच हिशेब देण्याची पाळी त्यांच्यावर आली. पुढे त्यांनी सशस्त्र उठाव केला, देशोधडीला लागले, परक्या मुलुखात तुरुंग भोगला आणि अखेर स्वदेशी परतून पुन्हा निवडून आले. या नाट्यमय घटनांपुढे त्यांचे महापौरपदाचे वर्ष इतिहासात काहीसे झाकोळले गेले. मात्र प्रश्न विचारणारा माणूस सत्तेच्या खुर्चीत बसल्यावर काय होते, हे समजून घ्यायचे असेल, तर त्या वर्षापाशी थांबावेच लागते.

विणकराचा मुलगा

मॅकेन्झी यांचा जन्म १२ मार्च १७९५ रोजी स्कॉटलंडमधील डंडी येथे झाला. वडील डॅनियल हे विणकर. मुलगा अवघ्या काही आठवड्यांचा असतानाच ते वारले. आई एलिझाबेथ ही कडव्या धार्मिक वृत्तीची आणि विलक्षण जिद्दीची स्त्री होती. गरिबीत तिने मुलाला वाढवले आणि लिहायला-वाचायला शिकवले. या मुलाला पुस्तकांचे जणू व्यसनच होते. किशोरवयापासून पंचविशीपर्यंत वाचलेल्या पुस्तकांची त्यांनी एक यादी ठेवली होती. तिच्यात साडेनऊशेहून अधिक नावे आहेत. डंडीतील एका वृत्तपत्राच्या वाचनकक्षात ते सर्वांत लहान सदस्य म्हणून जाऊन बसत. जगभरच्या राजकारणाची ओळख त्यांना तेथेच झाली.

पुढे एलिथ या गावी त्यांनी किराणा मालाचे दुकान आणि फिरते वाचनालय काढले. नेपोलियनच्या युद्धांनंतरच्या मंदीत ते बुडाले. याच काळात विवाहबाह्य संबंधातून त्यांना एक मुलगा झाला, त्याचा सांभाळ आईने केला. काही काळ भटकंतीत आणि बेफिकिरीत गेल्यानंतर १८२० साली, वयाच्या पंचविसाव्या वर्षी, त्यांनी कॅनडाची वाट धरली. डंडीतील लेस्ली कुटुंबाशी त्यांचा जुना स्नेह होता. त्याच कुटुंबातील जॉन लेस्ली यांच्यासोबत ते आले आणि यॉर्क व डंडास येथे त्यांनी भागीदारीत दुकानदारी केली. १८२२ मध्ये आई मुलाला घेऊन कॅनडात आली. तिच्यासोबत आलेल्या इझाबेल बॅक्स्टर यांच्याशी त्याच वर्षी मॅकेन्झी यांचा विवाह झाला. या दांपत्याला १३ अपत्ये झाली, त्यांतली काही बालपणीच दगावली.

धंद्यात बरे चालले होते. तरीही मॅकेन्झी यांचे मन दुकानात रमेना. नायगारा नदीकाठच्या क्वीन्स्टन या गावी त्यांनी १८ मे १८२४ रोजी ‘कलोनियल अ‍ॅडव्होकेट’ या वृत्तपत्राचा पहिला अंक काढला आणि त्याच वर्षअखेरीस आपला मुक्काम प्रांताची राजधानी असलेल्या यॉर्कला हलवला.

सोयऱ्याधायऱ्यांचे राज्य

ते ज्या प्रांतात आले, त्याला त्या काळी अप्पर कॅनडा म्हणत. आजच्या ऑन्टॅरिओ प्रांताचा हा दक्षिण भाग. कारभार ब्रिटिश राजसत्तेने नेमलेल्या नायब राज्यपालाकडे असे. लोकांनी निवडलेली विधानसभा होती. मात्र राज्यपालाचे कार्यकारी मंडळ तिला उत्तरदायी नव्हते आणि नियुक्त सदस्यांचे वरिष्ठ सभागृह तिचे ठराव सहज अडवू शकत असे. न्यायाधीश, सरकारी वकील, शेरीफ, बँकेचे संचालक, धर्मगुरू ही सारी पदे मोजक्या घराण्यांत फिरत. ही घराणी विवाहसंबंधांनी आणि हितसंबंधांनी एकमेकांत गुंतलेली होती. या वर्तुळाला लोक ‘फॅमिली कॉम्पॅक्ट’ म्हणत. सरकारी जमिनीचा सातवा हिस्सा प्रॉटेस्टंट धर्मगुरूंच्या निर्वाहासाठी राखून ठेवलेला असे. त्याचा लाभ प्रामुख्याने इंग्लंडच्या प्रस्थापित चर्चला मिळे. शेतकऱ्यांच्या वस्त्यांमध्ये असे राखीव पट्टे पडीक राहत, त्यामुळे रस्ते खोळंबत आणि गावे विखुरलेली राहत.

मॅकेन्झी यांच्या वृत्तपत्राने या साऱ्यावर बोट ठेवले. कोणाला किती जमीन मिळाली, कोणाच्या जावयाला कोणते पद मिळाले, सरकारी खर्चाचा तपशील कोठे आहे, असे प्रश्न त्यांनी नावानिशी विचारले. लेखन जोरकस होते, तपशिलाने भरलेले होते आणि अनेकदा संयम सोडणारेही होते. टीका करताना ते व्यक्तीच्या घराण्यापर्यंत आणि खासगी आयुष्यापर्यंत जात. त्यांचे मित्रही त्यामुळे अडचणीत येत.

सुरुवातीलाच एक चमत्कारिक प्रसंग घडला. १८१२ च्या युद्धात धारातीर्थी पडलेले सेनानी आयझॅक ब्रॉक यांचे स्मारक क्वीन्स्टन येथे उभारले जात होते. त्याच्या पायात ठेवलेल्या वस्तूंमध्ये ‘कलोनियल अ‍ॅडव्होकेट’चा अंकही होता. हे कळताच नायब राज्यपाल मेटलंड यांनी बांधकाम उकरून तो अंक बाहेर काढायला लावला. सत्तेला त्या चार पानांची किती धास्ती होती, हे त्यातून साऱ्या प्रांताला कळले.

सरोवरात फेकलेले खिळे

तरीही १८२६ च्या उन्हाळ्यापर्यंत हे वृत्तपत्र डबघाईला आले होते. वर्गणीदार पैसे थकवत, टपालखर्च मात्र प्रकाशकाला आगाऊ भरावा लागे. घेणेकऱ्यांचा तगादा एवढा वाढला, की मॅकेन्झी काही दिवस सीमेपलीकडे अमेरिकेत जाऊन राहिले. अशा वेळी त्यांच्या विरोधकांनीच त्यांना तारले. ८ जून १८२६ रोजी यॉर्कमधील प्रतिष्ठित घराण्यांतील तरुणांचा जमाव वेष पालटून त्यांच्या छापखान्यात घुसला. छपाईयंत्राची मोडतोड झाली, जुळवलेला मजकूर उधळला गेला आणि शिशाचे खिळे सरोवराच्या पाण्यात फेकण्यात आले. दिवसाउजेडी घडलेला हा प्रकार काही सरकारी अधिकारी पाहत उभे होते. त्यांनी तो थांबवला नाही.

मॅकेन्झी यांनी दिवाणी दावा लावला आणि पंचांनी त्यांना ६२५ पौंडांची भरपाई मंजूर केली. नुकसानीच्या मानाने ही रक्कम मोठी होती. त्यातून कर्जे फिटली, नवे साहित्य आले आणि वृत्तपत्र पुन्हा उभे राहिले. त्याहून महत्त्वाचे म्हणजे कालपर्यंत भांडखोर समजला जाणारा संपादक आता अन्यायाचा बळी ठरला. छापखाना मोडून टीका थांबत नाही, उलट टीकाकाराला श्रोते मिळतात, हा धडा त्या घराण्यांना ६२५ पौंडांना पडला.

या लोकप्रियतेच्या बळावर १८२८ मध्ये मॅकेन्झी यॉर्क परगण्यातून विधानसभेवर निवडून आले. सभागृहातही त्यांची पद्धत बदलली नाही. समित्या, चौकश्या, हिशेबांचे तक्ते यांचा त्यांनी धडाका लावला. टपाल खाते, बँक, तुरुंग, निवडणुकीतील मतदारसंघांची विषम रचना असा कोणताही विषय त्यांनी वर्ज्य मानला नाही. १८२९ मध्ये ते अमेरिकेला जाऊन आले, तेथील कमी खर्चाच्या सरकारी कारभाराने प्रभावित झाले आणि अध्यक्ष अँड्र्यू जॅक्सन यांना भेटले.

डिसेंबर १८३१ मध्ये सभागृहाची बदनामी केल्याच्या आरोपावरून त्यांची विधानसभेतून हकालपट्टी झाली. २ जानेवारी १८३२ रोजी पोटनिवडणूक झाली. तीत मॅकेन्झी यांना ११९ मते पडली आणि प्रतिस्पर्ध्याला अवघे एक. मतदारांनी त्यांना सुवर्णपदक दिले आणि बर्फावरून धावणाऱ्या घसरगाड्यांची लांबलचक मिरवणूक काढून सभागृहापर्यंत नेले. काही दिवसांतच त्यांना पुन्हा काढण्यात आले. त्यानंतरही हकालपट्टी आणि फेरनिवड यांचा हा खेळ चालूच राहिला. मार्च १८३२ मध्ये हॅमिल्टन येथे गुंडांनी त्यांना बेदम मारहाण केली. त्यानंतर लोकांच्या सह्यांची निवेदने घेऊन ते पत्नीसह लंडनला गेले. वसाहतमंत्री लॉर्ड गोडरिच यांनी त्यांचे म्हणणे ऐकून घेतले. हकालपट्टीत पुढाकार घेणाऱ्या दोन सरकारी विधी अधिकाऱ्यांना पदे गमवावी लागली. मात्र लवकरच लंडनमध्ये मंत्री बदलला आणि त्यांपैकी एकाची पुन्हा नेमणूक झाली. लंडनवरचा मॅकेन्झी यांचा विश्वास तेथून ढळू लागला.

महापौरपदाचे वर्ष

या पार्श्वभूमीवर १८३४ ची नगरपालिका निवडणूक आली. शहराचे पाच प्रभाग होते आणि एकूण २० सभासद निवडायचे होते. महापौराची निवड थेट मतदार करत नसत, सभासदच आपल्यातून एकाला निवडत. सुधारणावाद्यांना बहुमत मिळाले. मॅकेन्झी सेंट डेव्हिड प्रभागातून निवडून आले होते. वास्तविक महापौरपदासाठी डॉ. जॉन रोल्फ या मवाळ आणि सर्वमान्य नेत्याचे नाव घेतले जात होते. मात्र विधानसभेतून वारंवार हाकलल्या गेलेल्या मॅकेन्झी यांना हे पद देऊन सत्ताधाऱ्यांना चपराक लगावावी, असे बहुसंख्यांना वाटले. रोल्फ यांनी सभासदत्वाचा राजीनामा दिला. म्हणजे ही निवड शहर कोण चांगले चालवील यापेक्षा कोणाचा अपमान धुऊन काढायचा, या विचाराने झाली होती. त्याची किंमत पुढे मोजावी लागली.

नव्या महापौरांपुढे कामांचा डोंगर होता. बाजाराच्या इमारतीसाठी काढलेले कर्ज फेडायचे होते. पावसाळ्यात आणि बर्फ वितळताना रस्त्यांवर गुडघाभर चिखल होई. मुख्य रस्त्यांच्या कडेला लाकडी फळ्यांचे पदपथ बांधण्याचा निर्णय झाला. त्यासाठी पैसे हवे होते, म्हणून कर्ज काढावे लागले आणि मालमत्तेवरील कर वाढवावा लागला. सरकारी उधळपट्टीवर दहा वर्षे कोरडे ओढणाऱ्या माणसाला स्वतःच करवाढ करावी लागली, ही त्यांच्या विरोधकांना आयती मिळालेली संधी होती. त्यांनी ती सोडली नाही.

जुलैच्या अखेरीस या करांवर वादळी सभा भरली. ती बाजाराच्या इमारतीत होती. गर्दीच्या भाराने तेथील सज्जा कोसळला, काही जण प्राणास मुकले आणि अनेक जखमी झाले. त्या धक्क्यातून शहर सावरते न सावरते तोच कॉलराची साथ आली. दोन वर्षांपूर्वीच या साथीने यॉर्कमध्ये हाहाकार उडवला होता. दूषित पाण्यातून हा रोग पसरतो, हे त्या काळी ठाऊक नव्हते. उपचार म्हणजे अंदाजाचाच मामला होता. ज्यांना शक्य होते ते शहर सोडून गेले. मॅकेन्झी गेले नाहीत. पदसिद्ध म्हणून आरोग्य मंडळाची जबाबदारी त्यांच्याकडेच होती. त्यांनी रुग्णांना स्वतः गाडीत घालून रुग्णालयात पोहोचवले. अखेर त्यांनाही कॉलराने गाठले, पण ते बचावले. त्यांच्या साऱ्या सार्वजनिक आयुष्यात ज्याबद्दल शत्रूंनाही फारसे वाईट बोलता आले नाही, असे हे काही आठवडे होते.

बाकीच्या गोष्टींत मात्र त्यांचा स्वभाव आडवा आला. महापौर हाच शहराचा दंडाधिकारीही असे. एका स्त्रीला त्यांनी खोड्यात अडकवून उभे करण्याची शिक्षा दिली. ही शिक्षा त्या काळच्या लोकांनाही रानटी वाटली आणि लोकांच्या हक्कांची भाषा करणाऱ्या संपादकाला ती शोभली नाही. पदावर असतानाही ते वृत्तपत्र चालवतच होते. लंडनमधील खासदार जोसेफ ह्यूम यांचे त्यांना आलेले पत्र त्यांनी मे महिन्यात छापले. मातृदेशाच्या जाचक वर्चस्वातून वसाहत मुक्त होण्याच्या दिशेने गोष्टी चालल्या आहेत, असा त्याचा आशय होता. त्यावर राजनिष्ठांनी गदारोळ केला आणि सुधारणावाद्यांमधील मवाळही दुरावले. नगरपालिकेच्या सभांतील बराच वेळ गटारे आणि दिव्यांऐवजी पक्षीय भांडणांत जाऊ लागला.

जानेवारी १८३५ मधील निवडणुकीत मतदारांनी सुधारणावाद्यांना नाकारले. मॅकेन्झी पराभूत झाले आणि रॉबर्ट बाल्डविन सलिव्हन महापौर झाले. तत्पूर्वी, ४ नोव्हेंबर १८३४ रोजी, मॅकेन्झी यांनी आपल्या वृत्तपत्राचा शेवटचा अंक काढला होता. एका वर्षाच्या आत वृत्तपत्र आणि महापौरपद दोन्ही हातातून गेले. तरीही त्या वर्षाचे मोल शून्य नव्हते. शहराची प्रशासकीय घडी बसण्यास सुरुवात झाली होती, पदपथ तयार झाले होते आणि शहराला स्वतःची मुद्रा व बोधवाक्य मिळाले होते. सत्ताधारी वर्तुळाबाहेरचा माणूसही सार्वजनिक पदावर बसू शकतो, हे लोकांनी पाहिले होते.

लेखणीकडून बंदुकीकडे

ऑक्टोबर १८३४ मध्ये ते पुन्हा विधानसभेवर निवडून आले होते. तक्रारींची चौकशी करणाऱ्या समितीचे अध्यक्ष म्हणून १८३५ मध्ये त्यांनी एक विस्तृत अहवाल सादर केला. अप्पर कॅनडातील नेमणुका, वेतने, जमिनी आणि धर्मसंस्थांची अनुदाने यांचा तो एक कोशच होता. कार्यकारी मंडळ लोकप्रतिनिधींना उत्तरदायी असावे, ही मागणी त्यात होती. १८३६ च्या प्रारंभी सर फ्रान्सिस बाँड हेड नवे नायब राज्यपाल म्हणून आले. त्यांनी विधानसभा विसर्जित केली आणि निवडणुकीत स्वतः उघडपणे उतरून राजनिष्ठेची हाक दिली. सुधारणावाद्यांचा धुव्वा उडाला. मॅकेन्झीही हरले. ४ जुलै १८३६ रोजी, अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनाचा मुहूर्त साधून, त्यांनी ‘कॉन्स्टिट्यूशन’ हे नवे वृत्तपत्र सुरू केले.

१८३७ मध्ये आर्थिक मंदी आली, पीक बुडाले, बँकांनी कर्जे आखडली. शेजारच्या लोअर कॅनडात, म्हणजे आजच्या क्वेबेकमध्ये, लुई-जोसेफ पापिनो यांच्या अनुयायांनी उठाव केला. तो मोडण्यासाठी बाँड हेड यांनी अप्पर कॅनडातील सारे नियमित सैन्य तिकडे धाडले. टोरंटो मोकळे पडले आहे, हे पाहून मॅकेन्झी यांनी शेतकऱ्यांना शस्त्रे घेऊन येण्याचे आवाहन केले. ७ डिसेंबर ही तारीख ठरली आणि यंग स्ट्रीटवरील माँटगोमेरी यांची खानावळ हे जमण्याचे ठिकाण.

प्रत्यक्षात सारेच फिसकटले. सरकारला सुगावा लागल्याच्या शंकेने डॉ. रोल्फ यांनी परस्पर तारीख अलीकडे आणली. माणसे अर्धवट जमली, अन्न पुरेसे नव्हते, बंदुका थोड्या आणि भाले-कुऱ्हाडीच अधिक होत्या. ५ डिसेंबरला राज्यपालांनी तहाचे निशाण देऊन ज्यांना बंडवाल्यांकडे पाठवले, त्यांत खुद्द रोल्फच होते. त्या संध्याकाळी बंडवाले शहराकडे निघाले. शेरीफच्या मूठभर माणसांनी अंधारातून गोळीबार केला. बंडवाल्यांच्या पहिल्या रांगेने उलट गोळीबार केला आणि मागच्यांना वाट देण्यासाठी ती खाली झुकली. पुढचे सगळे ठार झाले, असे समजून मागचे पळत सुटले. शेरीफची माणसेही पळालीच. ७ डिसेंबरला तोफांसह आलेल्या राजनिष्ठ सैन्याने अर्ध्या तासाच्या आत उठाव मोडून काढला. तीन वर्षांपूर्वी ज्या शहराचे ते महापौर होते, त्याच शहरात मॅकेन्झी यांच्या शिरावर एक हजार पौंडांचे इनाम लागले.

शेतकऱ्यांनी त्यांना घरोघरी लपवले. इनामाच्या मोहाला कोणी बळी पडले नाही. नायगारा ओलांडून ते अमेरिकेत पोहोचले आणि नदीतील नेव्ही बेटावर त्यांनी कॅनडाचे हंगामी प्रजासत्ताक सरकार जाहीर केले. पत्नी इझाबेल तेथे जाऊन काडतुसे शिवत बसल्या. बेटाला रसद पुरवणारी ‘कॅरोलाइन’ ही अमेरिकन आगबोट २९ डिसेंबरच्या रात्री कॅनडाच्या बाजूच्या सैनिकांनी अमेरिकेच्या हद्दीत शिरून पेटवून दिली. त्यातून ब्रिटन आणि अमेरिका युद्धाच्या उंबरठ्यावर आले. स्वसंरक्षणासाठी दुसऱ्या देशाच्या हद्दीत केव्हा बळ वापरता येते, याविषयीच्या आंतरराष्ट्रीय कायद्यातील चर्चेत आजही या घटनेचा दाखला दिला जातो.

मॅकेन्झी निसटले, पण सगळेच निसटले नाहीत. लोहार आणि माजी आमदार सॅम्युअल लाउंट आणि शेतकरी पीटर मॅथ्यूज यांना १२ एप्रिल १८३८ रोजी टोरंटोत फाशी देण्यात आले. दयेसाठी हजारो सह्यांचे अर्ज आले होते, त्यांचा उपयोग झाला नाही. अनेकांना काळ्या पाण्यावर धाडण्यात आले. आखणीशिवाय पुकारलेल्या उठावाची ही किंमत होती आणि ती मॅकेन्झी यांच्यावर विश्वास ठेवणाऱ्या साध्या माणसांनी मोजली. त्यांच्या चरित्राचा कोणताही प्रामाणिक ताळेबंद ही नोंद टाळू शकत नाही.

परागंदा आयुष्य आणि परतणे

अमेरिकेच्या तटस्थतेच्या कायद्याचा भंग केल्याबद्दल जून १८३९ मध्ये मॅकेन्झी यांना १८ महिन्यांची कैद झाली. रोचेस्टरच्या तुरुंगात असतानाच त्यांची आई वारली. अंत्ययात्रेला जाण्याची परवानगी मिळाली नाही. तुरुंगाच्या खिडकीतून त्यांनी ती जाताना पाहिली. मे १८४० मध्ये अध्यक्ष मार्टिन व्हॅन ब्यूरेन यांनी त्यांची शिक्षा माफ केली. पुढची दहा वर्षे न्यूयॉर्क राज्यात ओढगस्तीत गेली. न्यूयॉर्कच्या जकात कचेरीत दप्तर तपासण्याचे काम करताना त्यांच्या हाती एका माजी अधिकाऱ्याचा राजकीय पत्रव्यवहार लागला. त्यातून उघड होणारी सौदेबाजी त्यांनी पुस्तकरूपाने छापली. ज्या व्हॅन ब्यूरेन यांनी त्यांना माफी दिली होती, त्यांच्याच गोटाला त्यातून झळ बसली. होरेस ग्रीली यांच्या ‘न्यूयॉर्क ट्रिब्यून’साठीही त्यांनी काम केले. ज्या प्रजासत्ताकाचा आदर्श त्यांनी कॅनडाला दाखवला होता, तेथेही वशिला आणि लाचलुचपत असल्याचे जवळून पाहून त्यांचा भ्रमनिरास झाला. उठाव ही चूक होती, असे त्यांनी नंतर मान्य केले.

दरम्यान कॅनडा बदलला होता. लॉर्ड डरहॅम यांचा १८३९ चा अहवाल आला, १८४१ मध्ये दोन्ही प्रांत एक झाले आणि १८४८ मध्ये विधानसभेला उत्तरदायी असलेले मंत्रिमंडळ कारभार पाहू लागले. मॅकेन्झी ज्यासाठी झगडले, ते रॉबर्ट बाल्डविन आणि लुई-हिपोलिट लाफाँटेन यांच्यासारख्या संयमी नेत्यांनी सनदशीर मार्गाने मिळवले. १८४९ मध्ये सर्वांना माफी जाहीर झाली. त्या वर्षी मॅकेन्झी टोरंटोत आले, तेव्हा जमावाने त्यांचा पुतळा जाळला. तरीही १८५० मध्ये ते कायमचे परतले आणि पुढच्याच वर्षी हॅल्डिमंडच्या पोटनिवडणुकीत उभे राहिले. समोर होते ‘ग्लोब’ या बलाढ्य वृत्तपत्राचे मालक जॉर्ज ब्राउन. दोन वृत्तपत्रमालकांच्या या झुंजीत म्हातारे मॅकेन्झी जिंकले. १८५८ पर्यंत ते विधानसभेत राहिले. मंत्रिपदाची आस धरली नाही, कोणत्याही गटात सामील झाले नाहीत आणि सरकारी खर्चाच्या प्रत्येक बाबीवर हटकण्याची सवय सोडली नाही. ‘मॅकेन्झीज वीकली मेसेज’ हे त्यांचे शेवटचे वृत्तपत्रही याच काळातले.

एवढी वर्षे सार्वजनिक पैशावर पहारा करणाऱ्या या माणसाजवळ स्वतःचे घर नव्हते. चाहत्यांनी वर्गणी जमवून टोरंटोच्या बाँड स्ट्रीटवर त्यांना एक विटांचे घर घेऊन दिले. तेथेच २८ ऑगस्ट १८६१ रोजी त्यांचे निधन झाले. हे घर पुढे संग्रहालय म्हणून जपले गेले आणि त्यात जुन्या धर्तीचा छापखानाही उभारण्यात आला. त्यांची धाकटी मुलगी इझाबेल ग्रेस हिने आपल्या मुलाला वडिलांचे नाव दिले. विल्यम लायन मॅकेन्झी किंग या नावाचा हा नातू १९२१ ते १९४८ या काळात एकूण २१ वर्षांहून अधिक काळ कॅनडाचा पंतप्रधान राहिला. आजोबांच्या शिरावर एकेकाळी इनाम लावणाऱ्या राजसत्तेचाच तो पंतप्रधान होता.

मॅकेन्झी यांच्याविषयी कॅनडातील इतिहासकारांत एकमत नाही. काहींना ते लोकशाहीचे आद्य शिलेदार वाटतात, काहींना उतावळे आणि अव्यवहारी भांडखोर. दोन्ही बाजूंना पुरावा भरपूर आहे. महापौर म्हणून त्यांनी शहर फार उत्तम चालवले, असे म्हणता येत नाही. सेनापती म्हणून तर ते पूर्ण अपयशी ठरले. त्यांचे खरे सामर्थ्य छापखान्यात होते. लोकांचा पैसा कोठे गेला, हा प्रश्न विचारणे हा गुन्हा असलेल्या काळात त्यांनी तो दर आठवड्याला छापला. उत्तर देण्याची वेळ आली तेव्हा ते अपुरे पडले, हे खरे. मात्र त्यांच्यानंतर जे पदावर बसले, त्यांना तो प्रश्न टाळता आला नाही. त्यांतले बरेच जण त्यांच्याहून चांगले कारभारी होते.